पडदा का लुकलुकतो?

पुण्याला नेला की बरा होतो आणि गावी परत आणला की पुन्हा आजारी पडतो, असा एक रुग्ण २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आला. रुग्ण म्हणजे एक नवाकोरा लॅपटॉप. वेल्हे तालुक्यात (२०२५ मध्ये या तालुक्याचे नाव राजगड झाले, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसले आहे) गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका शाळेने तो लोकवर्गणीतून घेतला होता. दुसऱ्याच दिवशी वर्गात धडा दाखवताना पडदा पापणी मिटावी तसा क्षणभर काळा झाला, उजळला तो जरा मंद, पुन्हा काळा झाला आणि पुन्हा लख्ख उजळला. दिवसभरात असे अनेकदा झाले.

गावात निदान तयारच होते. "आपल्याकडची लाइटच तशी, त्याला लॅपटॉप काय करणार?" पिठाची गिरणी सुरू झाली की शाळेतला दिवा मंदावतो हे सगळ्यांना ठाऊक होते. मुख्याध्यापकांना मात्र वेगळी धास्ती होती. यंत्र मुळातच सदोष असेल तर ते बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ती गेली की दुरुस्ती मिळते, नवे यंत्र मिळत नाही. म्हणून एका शिक्षकाने एक दिवसाची रजा टाकली आणि तो खोक्यासकट एस.टी.ने नसरापूरमार्गे पुण्याला नेला. तिथल्या सेवा केंद्रात दोन तास चालवून पाहिला. पडदा एकदाही लुकलुकला नाही. 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन लॅपटॉप परत आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लुकलुकू लागला. मग तो कपाटात गेला. वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणी विचारले की काय सांगायचे, हा प्रश्न त्या कपाटापुढे रोज उभा राहत असे.

भोर आणि वेल्ह्यातले आम्ही काही विज्ञान-गणिताचे शिक्षक महिन्यातल्या एका शनिवारी भोरला जमतो. त्या बैठकीत हा लॅपटॉप आला. भोरलाही तो शहाण्या मुलासारखा वागला! तेव्हा रुग्णाला डॉक्टरकडे आणण्याऐवजी डॉक्टरांनीच घरी जाऊन पाहावे असे ठरले. तिथे काय सापडले ते सांगण्यापूर्वी, पडदा लुकलुकतो म्हणजे नेमके काय होते हे पाहू. कारण 'लुकलुकणे' या एकाच शब्दाखाली निदान चार-पाच निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि उपाय चुकतो तो बहुधा तिथेच.

आपला डोळा आळशी आहे. प्रकाश बंद झाला तरी त्याची जाणीव काही काळ टिकते. यालाच दृष्टिसातत्य म्हणतात. एखादा दिवा सेकंदाला दहा वेळा उघड-मीट करू लागला तर ते स्पष्ट कळते. वेग वाढवत नेला की साधारण ५० ते ६० वेळांच्या आसपास उघड-मीट जाणवेनाशी होते आणि प्रकाश अखंड वाटू लागतो. ही सीमा सर्वांची सारखी नसते. प्रकाश जितका प्रखर तितकी ती वर सरकते. शिवाय नजरेच्या कडेने पाहिले तर लुकलुक अधिक कळते. एखादी जुनी, मरायला टेकलेली ट्यूबलाइट सरळ पाहताना स्थिर वाटते आणि मान वळवली की कोपऱ्यातून थरथरताना दिसते, ते यामुळेच. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. तेवढ्यावर पडदा लुकलुकला असता, म्हणून प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवत असे आणि ४८ किंवा ७२ उघडझापा होत.

जुन्या दूरदर्शन संचात आणि तशाच नळीच्या संगणक-पडद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवरच्या लेपावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली धावत असे. जिथे झोत पडेल तो ठिपका क्षणभर चमके आणि लगेच मावळे. म्हणजे नळीचा पडदा स्वभावानेच लुकलुकणारा. आपल्याकडच्या टीव्हीवर हे सेकंदाला ५० वेळा होई. संगणकाच्या पडद्यावर ६० वेळा होत असेल तर पुष्कळांचे डोळे दुखत, ७५ किंवा ८५ केले की बरे वाटे. याशिवाय या झोताला बाहेरचे चुंबकीय क्षेत्र ढकलू शकत असे. पंखा, स्टॅबिलायझर किंवा रोहित्र जवळ असले की त्यांचे ५० हर्ट्‌झचे क्षेत्र आणि पडद्याचे ६० हर्ट्‌झ यांच्या फरकाने, म्हणजे सेकंदाला १० वेळा, चित्र डुलू लागे. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे ॲंटेना वळवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या आमच्या पिढीच्या मनात 'चित्र हलले की विजेचा दोष' हे समीकरण पक्के बसले आहे. त्या यंत्रापुरते ते बरेचसे बरोबरही होते. यंत्र बदलले, समीकरण तेच राहिले.

लॅपटॉपचा नेहमीचा पडदा द्रवस्फटिकाचा असतो आणि तो स्वतः प्रकाश देत नाही. भोरच्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात. बाहेर ऊन तेवढेच असते, झडप किती उघडी यावर खोलीतला उजेड ठरतो. इथेही मागे एलईडी दिव्यांचा सतत प्रकाश असतो आणि पुढे लाखो सूक्ष्म झडपा. प्रत्येक झडपेपाशी एक चिमुकला ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा संधारित्र. पुढचा हुकूम येईपर्यंत झडप आहे त्या स्थितीत राहते. सेकंदाला ६० वेळा हुकूम येतो खरा, पण दोन हुकुमांच्या मध्ये ठिपका मावळत नाही. म्हणून हा पडदा ६० हर्ट्‌झलाही स्थिर दिसतो. झडपेवरचा दाब सतत एकाच दिशेने ठेवला तर द्रवस्फटिक खराब होतो, म्हणून दर चित्राला दिशा उलटी करतात. दोन्ही दिशांचा समतोल नीट साधला नसेल तर एकसारख्या करड्या पार्श्वभूमीवर बारीक थरथर दिसते. ती मात्र कारखान्यातली उणीव, घरी दुरुस्त होण्यासारखी नाही.

मागचा दिवा मंद करण्याची एक युक्ती वर्गात करून पाहण्यासारखी आहे. एलईडी कमी उजळायचा तर त्यातला प्रवाह कमी करता येतो, नाहीतर पूर्ण प्रवाह देऊन तो सेकंदाला काही शे किंवा काही हजार वेळा चालू-बंद करता येतो. बंद काळ जितका जास्त तितका पडदा मंद वाटतो. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, उजेड अगदी कमी करा, खोली अंधारी करा आणि पडद्यासमोर पेन्सिल जोराने हलवा. सलग अस्पष्ट पट्टा दिसला तर दिवा अखंड जळतो आहे, किंवा इतक्या वेगाने उघड-मीट करतो आहे की पेन्सिलीला ती पकडता येत नाही. एकामागे एक सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा उघड-मीट करतो आहे. मोजमापही करता येते. हात दशांश सेकंदात ३० सेंटिमीटर गेला आणि पेन्सिली १० दिसल्या, तर उघड-मीट सेकंदाला सुमारे १०० वेळा होते आहे. २० दिसल्या तर २०० वेळा. हा प्रयोग स्वस्तातल्या एलईडी बल्बखाली केला तर बहुधा १०० चेच उत्तर येते. घरात येणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यातून जातो, म्हणून ५० चे १०० होतात. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाच्या पायथ्याशी फिरणारे जनित्रही ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिणेसह साऱ्या देशाच्या एकाच जाळ्याशी ताल धरून फिरते, आणि हा ताल ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झच्या पट्ट्यात ठेवला जातो. मुले पेन्सिल हलवून एका अर्थी त्या तालाचाच अंदाज घेत असतात.

अशी जलद उघड-मीट डोळ्याला दिसत नाही. काहींचे मात्र तिने डोके दुखते. पडद्याचा उजेड पूर्ण केला की ती बहुतेक पडद्यांत नाहीशी होते, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनी तेवढे करून पाहावे. गुंजवणी खोऱ्यातला लॅपटॉप मात्र डोळ्याला दिसेल असा, सेकंद-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने काळा होत होता. म्हणजे हे कारण इथले नव्हते.

राहिली वीज. लॅपटॉपचा पडदा घरातल्या विजेवर चालत नाही, हे आम्हालाही आधी थांबून आठवावे लागले. चार्जर २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन १९-२० व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो, आणि त्याच्याही पुढे बॅटरी बसलेली असते. चार्जरवरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत. तिथे बहुधा '१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असे लिहिलेले आढळते. म्हणजे दाब १५० व्होल्टवर उतरला तरी चार्जरची तक्रार नाही. जुन्या तारेच्या ६० वॅटच्या दिव्याला १५० व्होल्ट मिळाले तर तो जवळजवळ निम्म्या शक्तीवर येतो, पिवळा पडतो. चार्जर अगदी उलटे वागतो. त्याला ६५ वॅट पुढे पोचवायचेच असतात, म्हणून दाब उतरला की तो जास्त प्रवाह ओढतो. तोटा सोडून दिला तर २३० व्होल्टवर सुमारे ०.२८ ॲंपिअर आणि १५० व्होल्टवर सुमारे ०.४३. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह हे सूत्र फळ्यावर लिहिताना आम्ही इतकी वर्षे दिव्याचेच उदाहरण देत आलो. दाब कमी तर प्रवाह जास्त, असे वागणारी वस्तू प्रत्येक शिक्षकाच्या पिशवीत असते हे लक्षात आले नव्हते.

मग गिरणी सुरू झाल्यावर दिवा का मंदावतो? मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. डोंगराळ भागात रोहित्रापासून गिरणी आणि शाळा यांच्यापर्यंतची तार लांब. तारेचा रोध थोडा असला तरी प्रवाह मोठा झाला की तारेतच बराच दाब खर्ची पडतो आणि शेवटच्या घराला उरलासुरला मिळतो. दिवा मंदावतो तो त्यामुळे. पण वरच्या हिशोबाने लॅपटॉपने याची दखलही घ्यायला नको.

शाळेत पोचल्यावर आम्ही सर्वात साधी चाचणी केली. चार्जर काढला आणि तासभर बॅटरीवर लॅपटॉप चालवला. पडदा एकदाही लुकलुकला नाही. चार्जर लावला आणि थोड्याच वेळात लुकलुक सुरू. गावकऱ्यांपैकी जे पाहायला आले होते त्यांना खटला निकालात निघाल्यासारखे वाटले. "सांगत होतो ना, लाइटच!" खरे तर आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पण मग पुण्यात आणि भोरला चार्जर लावूनच तो नीट चालला होता, त्याचे काय?

दहावीतली एक मुलगी बाजूला उभी राहून पाहत होती. तिने विचारले, "सर, पडदा काळा होतो तेव्हा खालचे ते प्लगचे चित्र का जाते?" पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह असते. चार्जिंग चालू असताना त्यावर प्लगची किंवा विजेची खूण येते. आम्ही सगळे पडद्याच्या मध्याकडे पाहत होतो, ती कोपऱ्याकडे.

तिच्याकडेच नोंदवही दिली. चार रकाने केले: वेळ, दिवा मंदावला का, चिन्ह बदलले का, पडदा लुकलुकला का. तीन दिवस तिने आणि तिच्या मैत्रिणीने नोंदी ठेवल्या. पडदा लुकलुकला त्या प्रत्येक वेळी चिन्ह बदलले होते. गिरणी सुरू झाली, दिवा मंदावला, त्या वेळी मात्र पडदा बहुतेकदा शांत होता. गिरणी बंद असलेल्या दिवशीही लुकलुक होतीच. 'गिरणी सुरू, पडदा काळा' हे इतके दिवस सगळ्यांनी पाहिले होते. 'गिरणी सुरू, पडदा ठीक' हे कुणी लक्षात ठेवले नव्हते, कारण काही न घडणे लक्षात राहत नाही. नोंदवही ठेवायची ती त्यासाठी.

आता तपास चार्जर आणि भिंत यांच्यामध्ये आला. शाळेतला विजेचा बोर्ड जुना होता. पिन खोचली की ती सैल बसे, आणि शेजारचा बाक सरकला की वायरला धक्का लागे. चार्जरमधला संधारित्र सेकंदाच्या काही शतांश भागापर्यंतचा खंड भरून काढतो. त्याहून लांब खंड पडला की लॅपटॉप बॅटरीवर जातो, आणि टोक पुन्हा टेकले की विजेवर येतो. सेवा केंद्रातला सॉकेट घट्ट होता, भोरचाही. रुग्ण बरा होत होता तो डॉक्टर बदलल्यामुळे नव्हे, खाट बदलल्यामुळे!

तरी एक प्रश्न उरतोच. बॅटरी मध्ये असताना वीज गेली काय आणि आली काय, पडद्याने काळे का व्हावे? याचे उत्तर विजेत नाही, संगणकाच्या काटकसरीत आहे. बॅटरीवर गेल्याबरोबर लॅपटॉप वीज वाचवायला लागतो. पडद्याचा उजेड कमी करतो. अनेक नव्या लॅपटॉपचा पडदा विजेवर सेकंदाला १२० किंवा १४४ वेळा चित्र ताजे करतो आणि बॅटरीवर तो वेग ६० वर आणतो. वेग बदलताना पुष्कळ यंत्रांत पडदा क्षणभर काळा होतो. सैल पिनेमुळे मिनिटात चार वेळा वीज गेली-आली तर हा सगळा खेळ चार वेळा होतो. पुण्याला परत पाठवले असते तर तिथे यात दोष असा काही नव्हताच. यंत्र आपल्याला सांगितलेले काम चोख करत होते.

उपाय दोन केले, आणि मुद्दाम एकावेळी एकच. आधी बोर्डाला हात न लावता सेटिंग्ज बदलल्या. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि तळाशी ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे 'रिफ्रेश रेट' ६० हर्ट्‌झवर कायम केला आणि 'डायनॅमिक' नावाचा पर्याय बंद केला. ब्राइटनेसच्या खाली चित्रानुसार उजेड बदलण्याची सोय असते, तीही बंद केली. वीज बचतीचा पर्याय आपोआप सुरू होताना उजेड घटवणार नाही असे पाहिले. चिन्ह पूर्वीसारखेच येत-जात राहिले, पडदा मात्र स्थिर झाला. म्हणजे आमचा तर्क बरोबर होता. त्यानंतर गावातल्या वायरमनने मुख्य स्विच बंद करून बोर्डावरचा सॉकेट बदलला आणि चिन्हाचे जाणे-येणेही थांबले. (बोर्डाचे काम जाणत्या वायरमननेच करावे. सैल जोडणीत ठिणगी पडते, जागा तापते, आणि पडदा लुकलुकण्यापेक्षा ती गोष्ट कितीतरी गंभीर आहे.) आधी सॉकेट बदलला असता तर लुकलुक थांबली असती, पण कशामुळे होत होती ते कळले नसते.

ही हकिगत पसरल्यावर भोर-वेल्ह्यातून आणखी तक्रारी आल्या. त्यांतल्या दोन तर पडद्याच्या नव्हत्याच. एका शाळेत ऑनलाइन सभेच्या वेळी 'पडद्यावर आडवे काळे पट्टे धावतात' अशी तक्रार होती. पट्टे फक्त वर्गाच्या चित्रात होते, बाकी पडदा स्वच्छ. कारण कॅमेऱ्यात निघाले. हापशाचे पाणी दांड्याच्या प्रत्येक हेलकाव्याला उसळी मारून येते. घागर प्रत्येक वेळी बरोबर दोन हेलकावे धरली तर पाणी दर वेळी सारखेच भरेल. दीड-पावणेदोन हेलकावे धरली तर कधी जास्त, कधी कमी. वर्गातला दिवा सेकंदाला १०० उसळ्या मारतो. कॅमेऱ्याने प्रत्येक ओळ १/१०० किंवा १/५० सेकंद उघडी ठेवली तर हिशोब जुळतो. पण कॅमेरा ६० हर्ट्‌झच्या देशासाठी लावलेला असेल तर तो १/६० किंवा १/१२० धरतो, आणि ओळी कमी-जास्त उजळतात. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात १०० वजा ९० म्हणजे १० वेळा ही लाट येते. विंडोजच्या 'कॅमेरा' या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' असते, तिथे ५० निवडले की काम झाले. आमच्या एका सहकाऱ्याने या शाळेसाठी नवा लॅपटॉप घ्यावा असा अर्ज लिहून तयार ठेवला होता!

दुसरी तक्रार विज्ञानाच्याच शिक्षिकेची होती. चुंबकाचा धडा घेताना लॅपटॉप झोपी जातो, पडदा एकदम काळा. लॅपटॉपचे झाकण बंद झाले हे कळण्यासाठी झाकणात एक चुंबक आणि खालच्या अंगात चुंबकीय संवेदक असतो. बाईंनी पट्टीचुंबक कळफलकाच्या कडेला ठेवला होता, आणि लॅपटॉपला वाटले झाकण मिटले. चुंबकाची पट्टी असलेल्या मोबाइलच्या कव्हरानेही हेच होते. लॅपटॉप बिघडल्याचा धाक संपल्यावर बाईंनी या घटनेचाच प्रयोग केला. संवेदक नेमका कुठे आहे ते मुलांनी चुंबक सरकवून शोधून काढले.

आज्ञावलीचा दोष आणि यंत्राचा दोष यांत फरक करणे हे जरा किचकट वाटते, पण थोड्या चाचण्यांत बरेच उलगडते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर'ची खिडकी उघडते. बाकी पडदा लुकलुकतो आणि ही खिडकी स्थिर राहते, असे असेल तर एखादा प्रोग्रॅम दोषी. खिडकीसकट सगळेच लुकलुकत असेल तर पडदा चालवणारी आज्ञावली, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर, संशयित. तो नव्याने बसवावा किंवा नुकताच बदलला असेल तर पूर्वीचा परत आणावा. एचडीएमआय तारेने लॅपटॉप शाळेच्या टीव्हीला किंवा प्रक्षेपकाला जोडावा. टीव्हीवरचे चित्र स्थिर आणि लॅपटॉपचे लुकलुकणारे, तर दोष पडद्यात, त्याच्या दिव्यात किंवा तिथे जाणाऱ्या तारेत. दोन्ही लुकलुकले तर दोष त्याच्या आधी. सर्वात खात्रीची चाचणी म्हणजे यंत्र सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वी, निर्मात्याने दिलेली कळ दाबून मूळ मेनू उघडायचा. तिथेही पडदा लुकलुकला तर विंडोजला दोष देता येत नाही.

लुकलुक सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा होत असेल आणि पडद्याचा मोठा भाग उजळत-विझत असेल, तर निदान होईपर्यंत तो पडदा मुलांपुढे ठेवू नये. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' या मालिकेच्या एका भागात तांबडा आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आळीपाळीने चमकला आणि सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती. काही जणांच्या मेंदूला अशा प्रकाशाने झटका येतो आणि तोवर तसा स्वभाव आहे हे घरच्यांनाही माहीत नसते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको, हा नियम संगणकावरच्या पानांसाठी पुढे सर्वत्र मानला गेला.

शेवटची तक्रार भोर तालुक्यातल्या हिर्डस मावळातून आली. लॅपटॉप नवा, आणून आठवडाही झाला नव्हता. बॅटरीवरही लुकलुक, चार्जरवरही. मूळ मेनूतही लुकलुक. टीव्हीला जोडल्यावर टीव्ही स्थिर. मग झाकण अगदी सावकाश, जोर न लावता, मागे नेऊन पाहिले. समकोनात पडदा थरथरत होता, थोडे मागे नेल्यावर शांत झाला, पुढे आणल्यावर पुन्हा थरथरला. बिजागरीतून पडद्याकडे जाणारी चपटी तार नीट बसलेली नव्हती. ही आपण उघडून पाहायची जागा नव्हे. उघडले की हमीवर पाणी सोडावे लागण्याची भीती असते. त्या शिक्षकांनी मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत घेतली: चार्जर काढलेला, मूळ मेनू उघडलेला, शेजारी टीव्ही स्थिर, आणि झाकणाच्या कोनाबरोबर येणारी-जाणारी लुकलुक. बिलाची प्रत आणि ही चित्रफीत त्यांनी त्याच दिवशी विक्रेत्याकडे पाठवली. चार दिवसांनी ते पुण्याला गेले तेव्हा तिथल्या टेबलावर लॅपटॉप पुन्हा शहाण्यासारखा स्थिर होता. सरांनी झाकण बोटभर पुढे ओढले. यंत्र बदलून मिळाले.